बालवीराचे दीर्घायुष्य

लोकप्रियता आणि दीर्घायुष्य या दोन गोष्टी वाङ्मयाच्या क्षेत्रात एकत्र नांदतातच असे नाही. एखादी कथामाला काही वर्षे हातोहात खपते, वाचनालयातील तिच्या प्रतींची पाने सुटी होतात, आणि पुढच्या पिढीला तिचे नावही ठाऊक नसते. उलट एखादी कथामाला अशी असते की, लहानपणी ती वाचलेला गृहस्थ पुढे आपल्या मुलाच्या हाती ती आपण होऊन देतो आणि मुलगाही ती खाली ठेवीत नाही. हे कशाने साधते, याचा विचार येथे करावयाचा आहे. विषय मुलांच्या कथांचा, म्हणून किरकोळ, असे कोणी समजू नये. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात तर तो भाषेच्या जगण्याशीच येऊन भिडतो.

आज आपल्या घरांतील मुले ज्या कथांत गढलेली दिसतात, त्यांपैकी पुष्कळ जपानी आहेत. किशोरवयीन मुलांसाठी काढलेल्या चित्रकथांना तिकडे 'शोनेन मांगा' म्हणतात. शोनेन म्हणजे मुलगा, मांगा म्हणजे चित्रकथा. त्यांच्या यशाची जी कारणे वडीलधारी मंडळी देतात ती ठरलेली आहेत. कोणी म्हणतो, हाणामारी. कोणी म्हणतो, चित्रांचा झगमगाट. कोणी सारे श्रेय जाहिरातीला देतो. ही कारणे खरी धरावयाची, तर ती आपल्या घरच्या पुराव्यावरही टिकली पाहिजेत. म्हणून आधी मराठीकडे वळू.

थराराचाच प्रश्न असता, तर बाबूराव अर्नाळकरांना मराठीत तोड नव्हती. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. 'झुंजार' आणि 'काळा पहाड' या त्यांच्या नायकांनी एका काळी थोरामोठ्यांचीही झोप उडविली. ते यश लहान नव्हे. मराठी माणसाला वाचनाचे व्यसन लावणाऱ्यांत त्यांचे स्थान मोठे आहे. तथापि आजच्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला झुंजार माहीत नाही. माझ्या मते याचे कारण असे की, तो नायक पहिल्या पानावरच परिपूर्ण असतो. त्याला काही शिकावयाचे उरलेले नसते. वाचक त्याला पाहून थक्क होतो, पण त्याच्या जागी स्वतःला उभा करू शकत नाही.

आता भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पाहा. भागवतांनी १९५१ साली 'बालमित्र' हे मासिक काढले, ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कथा मराठीत आणल्या, आणि पुढे साठ-सत्तरच्या दशकांत बनेश फेणे या मुलाची वीस पुस्तकांची माला उभी केली. हा मुलगा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. पुण्यात विद्याभवनात शिकतो. अंगाने काटकुळा. त्याच्यापाशी विद्या एकच, सायकल दामटण्याची; आणि लकब एकच, जिभेने 'ट्टॉक्' करण्याची. प्रतापगडापासून गुलमर्गपर्यंत त्याची धाव जाते, पण त्याच्या अंगात दैवी बळ कधी येत नाही. तो पळतो, पाळत ठेवतो, चुकतो, सापडतो, सुटतो. सुभाष, माली, शरद शास्त्री ही सोबतीची मुले नसती, तर कित्येकदा तो सुटलाही नसता.

या मर्यादेतच त्याच्या दीर्घायुष्याचे बीज आहे. सायकलीचा वेग हा असा वेग आहे, की जो प्रत्येक मुलाने स्वतःच्या पोटऱ्यांनी मोजलेला असतो. निपाणीतून सायकल काढली, की थोड्या वेळात अर्जुननगर गाठता येते, आणि अर्जुननगर म्हणजे महाराष्ट्र. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पायडल मारीत जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलाला फेण्याचे साहस अशक्य वाटत नाही. आपल्याहून जरासे पुढचे वाटते. ते 'जरासे' फार महत्त्वाचे आहे. नायक हाताच्या अंतरावर असला, म्हणजे वाचकाचा हात पुढे होतो.

यावर कोणी म्हणेल, हे यश भागवतांच्या नावाचे आणि लेखणीचे. पण भागवतांनी बिपिन बुकलवारही निर्माण केला. तो पुस्तकांचा शौकीन, हुशार, गोड मुलगा. लेखक तोच, भाषा तीच, वाचकही तेच. तरीही घरोघरी नाव झाले ते फेण्याचे. लेखकाचे नाव पहिले पुस्तक उचलावयास लावते, विसावे नाही.

हाच नियम जपानला लावून पाहू. एइइचिरो ओदा यांची 'वन पीस' ही माला १९९७ पासून चालू आहे. तिचे शंभराहून अधिक खंड निघाले असून पन्नास कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. तिचा नायक लुफी चाच्यांचा राजा होण्याची प्रतिज्ञा करून समुद्रावर निघतो. एक मायावी फळ खाल्ल्याने त्याचे शरीर रबरासारखे ताणले जाते. पण त्याच फळामुळे त्याला पोहता येत नाही. सागराचे राज्य मागणारा मुलगा पाण्यात पडला की बुडतो, आणि त्याला वर काढावयास सोबतीच लागतात! ही युक्ती एका लेखकाची असली, तरी तत्त्व आपल्याला परके नाही. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे ठाऊक नव्हते. तेवढ्या एका उणिवेने त्याची कथा कीर्तनाच्या मंडपात आजही श्रोत्यांचा श्वास रोखून धरते. त्याला दोन्ही विद्या आल्या असत्या, तर तो महाभारतातील अनेक महारथींपैकी एक होऊन राहिला असता. मासाशी किशिमोतो यांच्या 'नारुतो' या मालेतील मुलगा अनाथ असून गावाने झिडकारलेला आहे आणि त्याला गावाचा प्रमुख व्हावयाचे आहे. पित्याच्या मांडीवरून उठविलेल्या ध्रुवाची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना त्या मुलाचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

विरुद्ध पुरावा दडवून निकाल मागणे योग्य नाही, म्हणून 'ड्रॅगन बॉल'चा उल्लेख केला पाहिजे. अकिरा तोरियामा यांनी १९८४ ते १९९५ या काळात रचलेल्या या कथेत गोकूचे बळ वाढतच जाते, इतके की पुढे ग्रहगोलांचे चूर्ण होते. येथे मर्यादा कोठे राहिली? या आक्षेपात तथ्य आहे. उत्तरार्धात त्याच त्या द्वंद्वांची पुनरावृत्ती कंटाळवाणी होते, हे मला मान्य आहे. परंतु गोकू शेवटपर्यंत विद्यार्थी राहतो. आपल्याहून वरचढ कोणी भेटला की त्याला भीतीपेक्षा आनंद अधिक होतो. बळाला सीमा नाही, पण अहंकाराला आहे. मर्यादा बाहूंत नसेल तर स्वभावात तरी असावी लागते.

नायक असा मिळाला तरी तेवढ्याने भागत नाही. दुसरी आवश्यकता भेटीच्या नेमाची. श्रावणात पोथी लावली म्हणजे रोज एक अध्याय ठरलेल्या वेळी वाचला जातो. कथा सर्वांना ठाऊक असूनही घर त्या वेळी गोळा होते. मुलांच्या कथेलाही असाच नेम हवा असतो. 'चांदोबा' १९५२ पासून मराठीत निघू लागला. त्याची कन्नड आवृत्तीही होती, आणि सीमाभागातील शेजारच्या दोन घरांत एकच विक्रम दोन भाषांतून तेच प्रेत खांद्यावर घेऊन चालत असे. विक्रमाचे काम कधी पुरे होत नाही, हीच त्या सदराची मोहिनी होती. मासिक वेळेवर येई तोवर ती टिकली. २०१३ च्या सुमारास त्याचे प्रकाशन थांबले, आणि तो नेमही मोडला.

जपानमध्ये हा नेम संस्थेने सांभाळला. शूएइशा या प्रकाशनसंस्थेने १९६८ साली 'शोनेन जंप' हे नियतकालिक काढले, आणि ते लवकरच साप्ताहिक झाले. मैत्री, प्रयत्न आणि विजय हे त्याचे घोषवाक्य. अंकासोबतच्या पोस्टकार्डावर मुले आपल्याला आवडलेल्या तीन कथांची नावे लिहून पाठवीत, आणि ज्या कथेला मते पडत नसत ती निष्ठुरपणे बंद होई. १९९५ साली या साप्ताहिकाने पासष्ट लाखांहून अधिक खपाचा उच्चांक गाठला. या पद्धतीचे दोषही उघड आहेत. दर आठवड्याला पाने भरण्याचा ताण चित्रकारांच्या प्रकृतीला जाचतो, आणि हळू उमलणारी कथा उमलण्याआधीच खुडली जाते. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही: तेथे मुलाचे मत विचारले जाई. आपल्याकडे मुलांचे पुस्तक पालक निवडतो, शिक्षक शिफारस करतो, समिती पारितोषिक देते. मुलाची साक्ष तेवढी राहून जाते.

फेण्याला नायकपण लाभले, नेम लाभला नाही. १९८७ साली दूरदर्शनवर सुमीत राघवन याने तो साकारला, तेव्हा काही काळ ठरलेल्या वेळी त्याची भेट घडे. पुढे २०१७ साली आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट आला. अमेय वाघ याने त्यात बनेश रंगविला, आणि दिलीप प्रभावळकर यांना खुद्द भागवतांच्या भूमिकेत पाहून जुन्या वाचकांना समाधान वाटले. चित्रपट कसबाने केलेला आहे, यात वाद नाही. पण त्यातला बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण आहे. चित्रपटाने वाचकाबरोबर नायकालाही मोठे केले. ज्यांनी तो लहानपणी वाचला त्यांना तो परत मिळाला. जो आज बारा वर्षांचा आहे, त्याच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. नाव टिकविणे सोपे असते. वय टिकविणे कठीण असते.

आता सीमाभागाची गोष्ट. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी कराव्यात, असे राज्यघटनेचे कलम ३५० अ सांगते. ते कलम मोलाचे आहे आणि त्यासाठी झगडणेही रास्त आहे. परंतु कायदा शाळा देऊ शकतो, वाचण्याची ओढ देऊ शकत नाही. आपल्याकडील मुलाला कन्नड व्यवहारासाठी लागते, इंग्रजी नोकरीसाठी लागते, आणि पुष्कळ घरांत कोकणी बोलण्यासाठी असतेच. मराठी वाचण्याची सक्ती त्याच्यावर जवळजवळ कोणाचीच नाही. म्हणजे तो मराठी वाचील तो केवळ पुढे काय झाले हे कळावे म्हणून. ती उत्सुकता जपानी कथेने पुरविली तर त्यात त्या मुलाचा दोष नाही; त्याला त्याच्या वयाचा सोबती तेथे मिळाला.

बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. इतकी जुनी परंपरा असलेल्या शहराला मुलांसाठी आठवड्याचा एक वार राखून ठेवणे जड जाऊ नये. देवळांच्या सभामंडपांत चातुर्मासाची पुराणे होतात, तेथेच एका संध्याकाळी फेण्याचे एक प्रकरण मोठ्याने वाचावे आणि ऐन अडचणीच्या जागी थांबावे. पुढच्या आठवड्यात किती मुले परत येतात ते मोजावे, आणि काय आवडले नाही हेही त्यांनाच विचारावे. त्यांच्या उत्तरांतून कदाचित कळेल की, फेणेही आता त्यांना जुना वाटतो. तसे झाले तर वाईट मानू नये. मग नवा मुलगा शोधावा लागेल: निपाणीच्या तंबाखूच्या वखारींमधून वाट काढणारा, दोन राज्यांच्या एस्टी ओळखणारा, तीन भाषांत चिडविला जाणारा, आणि एखादी साधी गोष्ट मुळीच न जमणारा. त्याचा लेखक आपल्यातूनच यावा लागेल, आणि विसाव्या पुस्तकापर्यंत त्याला धीर देणारा प्रकाशकही.