पाऊस आणि पगार : चार दुष्काळी कादंबऱ्यांतील विषमतेचे स्वरूप

दुष्काळाचे चित्रण करणाऱ्या कादंबरीकडे आपली समीक्षा सामान्यतः दोन दृष्टींनी पाहत आली आहे. एका दृष्टीने ती निसर्ग आणि मानव यांच्या संघर्षाची कथा ठरते. दुसरीने ती प्रादेशिक जीवनाचे, बोलीचे आणि लोकाचाराचे दर्शन ठरते. या दोन्ही दृष्टींत एक प्रश्न मागे राहतो : आकाश सर्वांचे एकच असताना एकाच वर्षी, एकाच गावात कोण तगतो, कोण बुडतो आणि कोणत्या क्रमाने? अर्थशास्त्राने हा प्रश्न स्पष्टपणे मांडला आहे. अन्न उपलब्ध असणे आणि ते मिळवण्याची ऐपत असणे या दोन वेगळ्या गोष्टी होत, हे अमर्त्य सेन यांनी १९८१च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. नोआ डिफेनबॉ आणि मार्शल बर्क यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, गेल्या अर्धशतकातील तापमानवाढीमुळे सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब देशांच्या दरडोई उत्पन्नातील अंतर, ती वाढ झाली नसती तर जेवढे राहिले असते त्याहून सुमारे २५ टक्क्यांनी अधिक झाले आहे. देशादेशांतील हे अंतर गावाच्या वेशीच्या आत कसे घडते, हे मात्र सरासरीच्या आकड्यांतून दिसत नाही. ते कादंबरीतून दिसते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, दुष्काळी कादंबरीत विषमतेची रेषा केवळ जमीनदार आणि भूमिहीन यांच्यामधून जात नाही. ज्याचे उत्पन्न स्थानिक पावसाशी बांधलेले आहे आणि ज्याचे नाही, अशा दोघांमधूनही ती जाते. या रेषेच्या पलीकडे उभी असलेली व्यक्ती या कादंबऱ्यांत पुनःपुन्हा शिक्षकाच्या रूपाने येते, आणि त्या व्यक्तीचे स्थान कृतीच्या आशयाइतकेच तिच्या निवेदनाचेही नियमन करते.

विवेचनासाठी राकेल द केइरोश यांची ‘ओ किंझे’ (१९३०), ग्रासिलियानो रामोस यांची ‘विदास सेकास’ (१९३८), विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘अशनि संकेत’ आणि व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) या कृती घेतल्या आहेत. यांच्यात प्रभावाचा संबंध सुचवायचा नाही. तुलनेचा आधार वेगळा आहे. १८७६ ते १८७९ या काळात दख्खनचे पठार आणि ब्राझीलचा ईशान्य भाग जवळजवळ एकाच वेळी होरपळले, आणि त्यामागे प्रशांत महासागरातील एल निनो ही एकच घडामोड होती, याची सविस्तर मांडणी माइक डेव्हिस यांनी २००१मध्ये केली. या कादंबऱ्यांतील आपत्ती नंतरच्या आहेत हे खरे. परंतु माणदेश आणि ब्राझीलचा सेर्ताव हे दोन अवर्षणप्रवण प्रदेश एकाच हवामान-इतिहासाचे भागीदार आहेत, एवढे त्यावरून म्हणता येते.

‘बनगरवाडी’चा निवेदक औंध संस्थानच्या शाळेतील तरुण मास्तर आहे. मेंढपाळांची ही वाडी बाहेरून एकजिनसी भासते. दुष्काळ येतो तो सर्वांवरच. तथापि दुष्काळाच्या पूर्वीच माडगूळकरांनी एक प्रसंग योजिला आहे. जोडीचा बैल न मिळाल्याने शेकूची बायको स्वतः औताला खांदा देते. वाफसा कोणासाठी थांबत नाही. ज्याच्याकडे बैलजोडी आहे त्याचा पाऊस आणि ज्याच्याकडे नाही त्याचा पाऊस हे एकाच दिवशी पडूनही सारखे नसतात. सुकाळातील ही विषमता माडगूळकर कोणतेही भाष्य न करता नोंदवतात. पुढे मेंढरे मरू लागतात, बिऱ्हाडे उठतात, वाडी ओस पडते. शाळेत मुले उरत नाहीत आणि मास्तरही वाडी सोडतो. मात्र त्याच्या जाण्यामागे भूक नाही. वाडीच्या आणि त्याच्या जाण्यातील हा फरक कादंबरी उच्चारून सांगत नाही. पण वाडीची कथा सांगायला तोच उरतो, यात तो फरक पूर्णपणे व्यक्त झाला आहे. ज्याचा पगार वाडीच्या पावसावर ठरत नाही, त्यालाच येथे निवेदक होता येते. ‘बनगरवाडी’च्या संयत निवेदनाची आपण जी प्रशंसा करतो, त्या संयमाला हे भौतिक अधिष्ठान आहे.

‘ओ किंझे’मध्ये हीच रचना अधिक उघडपणे मांडलेली आहे. १९१५चा सेआरा प्रांतातील दुष्काळ हा तिचा विषय. १९ मार्च या संत जोसेफच्या सणापर्यंत पाऊस न आल्यास गुरे मोकळी सोडून द्यावीत, असा निरोप एका मळ्याची मालकीण धाडते. त्या निरोपासरशी शिको बेंतो या गुराख्याची रोजी जाते. शेजारच्याच मळ्यावर व्हिसेंते आपली गुरे हरप्रयत्नाने जगवतो. आकाश एकच, निर्णय दोन. म्हणजे शिको बेंतोचे उत्पन्न पावसाने तोडलेले नाही, पावसाच्या निमित्ताने मालकिणीने तोडले आहे. मोफत प्रवासाची सरकारी सवलतही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि कुटुंबाला फोर्तालेझा शहराच्या दिशेने पायी निघावे लागते. तेथे निर्वासितांच्या छावणीत मदत करणारी कॉन्सेसाँव ही शिक्षिका त्यांना भेटते. ती त्यांच्या एका मुलाला आपल्या घरी वाढवायला घेते. तिची करुणा खरी आहे. पण ती देणारी आणि ते घेणारे, हे नाते कादंबरी पुसून टाकत नाही. मूल वाचते ते पावसाच्या तावडीतून सुटलेल्या उत्पन्नाकडे हस्तांतरित झाल्यामुळे.

‘अशनि संकेत’ या प्रतिपादनाला महत्त्वाची दुरुस्ती सुचवते. १९४३चा बंगालचा दुष्काळ अवर्षणाचा नव्हता. मातीतील ओलाव्याच्या पुनर्रचनेवर आधारलेल्या २०१९च्या एका भारतीय संशोधनानेही तसाच निर्वाळा दिला आहे. युद्ध, भाववाढ आणि शासनाचे अपयश यांनी तो घडवला. येथेही शिक्षक आहे : पाठशाळा आणि पौरोहित्य चालवणारा गंगाचरण. परंतु त्याला बाहेरून पगार येत नाही; गावच त्याला तांदूळ आणि जिन्नस पुरवते. म्हणून तांदूळ महागताच त्याची प्रतिष्ठा शिल्लक राहते आणि शिधा आटत जातो. तरीही ब्राह्मण्याच्या बळावर तो काही काळ टिकतो. गावात अन्नावाचून प्रथम मरते ती मती मुचिनी, आणि तिच्या मृत्यूनेच माणूस असाही मरू शकतो हे गावाला कळते. जातीची उतरंड येथे मृत्यूचा क्रम ठरवते. याचा अर्थ असा की, शिक्षकाला सुरक्षित ठेवते ते अक्षरज्ञान नव्हे, उत्पन्नाचा उगम. आणि तो उगम नसेल तेथे जात हीच अखेरची, तुटपुंजी ठेव ठरते.

‘विदास सेकास’मध्ये शिक्षक नाहीच. रामोस स्वतः १९३३ ते १९३६ या काळात आलागोआस राज्याच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते, हे लक्षात घेता ही अनुपस्थिती हेतुपूर्ण वाटते. फाबियानो, त्याची बायको, दोन निनावी मुलगे आणि बालेया ही कुत्री यांच्यात पाहणारा तटस्थ मध्यस्थ कोणी नाही. निवेदन तृतीयपुरुषी असले तरी ते फाबियानोच्या अर्धवट, अडखळत्या शब्दांच्या इतके जवळ जाते की, निवेदकाचे बोलणे कोठे संपते आणि पात्राचे मनोगत कोठे सुरू होते हे सांगता येऊ नये. येथे विषमतेचे केंद्र हिशेबाच्या प्रसंगात आहे. पाऊस परतल्यावर मालकही परततो. फाबियानोला वासरांत चौथा आणि करडांत तिसरा वाटा मिळायचा असतो. पण पोटासाठी तो वाटा मालकालाच पडत्या भावाने विकावा लागतो. बायकोने बियांच्या ढिगांवर मांडलेला हिशेब मालकाच्या वहीशी जुळत नाही. फरक व्याजाचा, असे उत्तर मिळते. फाबियानो विरोध करतो आणि लगेच माफी मागतो. लक्षणीय गोष्ट ही की, हा प्रसंग दुष्काळातील नाही, चांगल्या वर्षातील आहे. कोरडे वर्ष कर्ज निर्माण करते, ओले वर्ष ते वसूल करते. त्यामुळे पुढच्या कोरड्या वर्षी फाबियानो पहिल्यापेक्षा अधिक रिकाम्या हातांनी उभा असतो. हवामान विषमता वाढवते ती या आवर्तनातून. कथेच्या आरंभी आणि अखेरीस येणारी पायपीट ही केवळ रचनेतील सममिती नाही. तो कर्जाचा आकृतिबंध आहे.

अमिताव घोष यांनी २०१६मध्ये असा आक्षेप नोंदवला की, संभाव्यतेच्या चौकटीत वाढलेल्या गंभीर वास्तववादी कादंबरीला हवामानाची असाधारण घटना सामावून घेता आलेली नाही. प्रस्तुत कृती पाहता हा आक्षेप मर्यादित करावा लागतो. अवर्षण या कादंबऱ्यांत असाधारण नाहीच. ते वही, वाटा, व्याज आणि निरोप यांच्याद्वारे दैनंदिन झालेले आहे. अर्थात, या लेखकांसमोरचे अवर्षण आणि मानवनिर्मित तापमानवाढ यांची सरसकट बरोबरी करता येणार नाही. फाबियानोचा मालक त्याच्यासमोर उभा होता. तापमानवाढीचा लाभार्थी सहसा दुसऱ्या खंडात असतो. कारण आणि परिणाम यांतील हे अंतर कोणत्या निवेदनतंत्राने भरून काढता येईल, हा पुढील कादंबरीकारांपुढील खरा प्रश्न आहे.

समीक्षकापुढचा प्रश्न मात्र निराळा आहे. हवामानविषयक साहित्याचा अभ्यास करणारा विद्यापीठीय वर्ग, प्रस्तुत लेखकासह, ‘बनगरवाडी’च्या मास्तराच्या बाजूचाच आहे, त्याचे वेतन कोणत्याही नक्षत्रावर अवलंबून नाही. ‘विदास सेकास’च्या अखेरीस पुन्हा वाट धरलेले ते कुटुंब दूरच्या शहराचे आणि मुलांच्या शाळेचे स्वप्न पाहते. कादंबरीभर अनुपस्थित असलेला शिक्षक तेथे केवळ आशेच्या रूपाने येतो. पावसावर न ठरणारे उत्पन्न हे त्या आशेचे खरे नाव आहे. आणि ते किती थोड्यांना लाभते, याची मोजदाद दुष्काळी कादंबरीच्या वाचनात अंतर्भूत झाल्याखेरीज तिचे तौलनिक वाचन पूर्ण होणार नाही.