पोर्क म्हटलं की चालतं

'मुंबईत खायलाच हवेत असे दहा बाओ' अशी एखादी यादी अधूनमधून आपल्या सगळ्यांच्याच फोनवर येऊन जाते. फोटो झकास असतात. काळी पाटी, तिच्यावर दोन पांढरेशुभ्र दुमडलेले पाव, मधून डोकावणारा मांसाचा चकचकीत तुकडा, वर भुरभुरलेले तीळ. खाली तीन ओळींचा मजकूर: 'एकदम सॉफ्ट', 'जिभेवर विरघळतो', 'अस्सल चायनीज'. समजा, मिरजेहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलेल्या कुणाला एकदा तरी खरा चिनी पोर्क बन खाऊन बघायचाय. या यादीतून त्याला पत्ता मिळेल, किंमत मिळेल. चांगला बाओ कशाला म्हणायचं, ते मात्र कळणार नाही. माझी तक्रार या याद्यांबद्दल आहे, कारण त्या दोन प्रश्न गिळून टाकतात. चायनीज गाड्यांनी भरलेल्या मुंबईत हा साधा बन शोधावा का लागतो? आणि ज्या मांसाचं नाव आपल्याकडे कित्येक घरांत काढता येत नाही, ते या फोटोत एवढं देखणं कसं काय दिसतं?

आधी पदार्थ समजून घेऊ. यादीतला दुमडलेला पाव म्हणजे गुआ बाओ. तो चीनच्या फुजियान प्रांतातला आणि तैवानमधला. त्यात शिजवून मऊ केलेलं डुकराच्या पोटाकडचं चरबीदार मांस, मोहरीच्या पाल्याचं लोणचं, कोथिंबीर आणि चक्क शेंगदाण्याचा कूट असतो. तैवानमध्ये त्याला गमतीनं 'डुकराला चावणारा वाघ' म्हणतात, कारण तो दिसतोच उघड्या जबड्यासारखा. २००४ साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड चँगनं मोमोफुकू नूडल बार सुरू केला आणि तिथला असाच पोर्क बन प्रचंड गाजला. पुढे जगभरच्या मेनूंवर हा जबडा उघडा पडला. मुंबईत आलेला बाओ बहुतेक ठिकाणी हा असा, न्यूयॉर्कमार्गे आलेला आहे.

चीनमध्ये सकाळी कामाला जाताना लोक हातात घेऊन खातात तो बाओ बंद असतो. उत्तरेकडच्या बाओझीत आलं आणि पातीचा कांदा घातलेला डुकराचा खिमा असतो. दक्षिणेकडच्या, कँटनी पद्धतीच्या चार सिऊ बाओमध्ये मध, सोया सॉस लावून भाजलेल्या मांसाचे गोडसर, लालसर तुकडे भरतात आणि वाफेवर त्याचं डोकं फुलून तडकतं. यांत चांगलं काय आणि वाईट काय, हे ओळखायला मराठी माणसाला चीनला जायची गरज नाही. ज्यानं घरी उकडीचे मोदक होताना पाहिलेत त्याला निम्मी परीक्षा येतेच. कळ्या एकसारख्या पडल्यात का? तळ ओला होऊन चिकटलाय का? सारण आणि पारी यांचं माप जमलंय का? तिआनजिन शहरातल्या गोउबुली या जुन्या दुकानाचा बाओ तर अठरा चुण्यांसाठी ओळखला जातो.

उरलेली निम्मी परीक्षा मात्र मोदकापेक्षा वेगळी आहे, कारण बाओचं पीठ आंबवलेलं असतं. बोटानं दाबलं तर ते परत वर यायला हवं. दाताला चिकटलं तर मैदा नीट फुगलेला नाही. वर पिवळे ठिपके दिसले तर सोडा किंवा बेकिंग पावडर नीट मिसळलेली नाही. सालावर ओले डाग असतील तर झाकणाचं पाणी खाली ठिबकलंय. बांबूची टोपली वापरतात ती काही फोटोसाठी नव्हे, बांबू वाफेचं पाणी शोषून घेतो म्हणून. आणि मांसात चरबी हवीच. चरबी वितळून आतल्या पिठात मुरते, तिथेच बाओची खरी चव असते. कोरडा, नुसत्या लाल मांसाचा बाओ म्हणजे गूळ कमी पडलेला मोदक.

हे सगळं जमायला सगळ्यात जास्त काय लागत असेल, तर भराभर खपणारं गिऱ्हाईक. वाफेवरून उतरलेला बाओ दहा-पंधरा मिनिटांत उतरणीला लागतो. म्हणून तो चांगला कुठे मिळतो? जिथे माणसं तो रोज नाश्त्याला खातात तिथे. आपल्या देशातलं याचं सगळ्यात ठळक उदाहरण कोलकात्यातला टिरेट्टा बाजार. तिथे पहाटे रस्त्याच्या कडेला पातेली लागतात, पोर्क बन, माशाच्या गोळ्यांचं सूप, सॉसेज विकलं जातं आणि ऑफिसं उघडायच्या आत सगळं आवरलेलं असतं. हा बाजारही आता आटत चालला आहे, पण नाश्त्याची ती पद्धत अजून टिकून आहे. मुंबईत बाओ बहुधा संध्याकाळी, स्टार्टर म्हणून, दोन नगांच्या हिशेबात येतो. यादी लिहिणाऱ्यानं हा फरक सांगितला असता तर निम्मं काम झालं असतं.

मग मुंबईत ती पहाट का नाही? चिनी माणसं इथेही होती. माझगावात नवाब टँक रोडवर सी युप कून हे चिनी देऊळ १९१९ पासून उभं आहे. बंदर, गोदी, बोटींवरची कामं यांच्या आधारानं तिथे वस्ती झाली. भारतातल्या चिनी कुटुंबांनी दातांचे दवाखाने, बुटांची दुकानं, ब्युटी पार्लर आणि हॉटेलं चालवली. १९६२ च्या युद्धानं हे सगळं विस्कटलं. सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना, त्यात भारतात जन्मलेलेही आले, राजस्थानात देवळी इथल्या छावणीत डांबलं. काहींना सुटायला वर्षं लागली. जी छावणीत गेली नाहीत त्यांच्यावरही पोलिसांची नजर होती. कितीतरी कुटुंबं देश सोडून गेली. जॉय मा आणि दिलीप डिसोझा यांचं 'द देवलीवालाज' हे २०२० मधलं इंग्रजी पुस्तक याच लोकांबद्दल आहे, आणि जॉय मा यांचा जन्मच त्या छावणीतला. वस्ती पातळ झाली की नाश्ता जातो, कारण पहाटे चारला पीठ मळायला कुणी उठत नाही आणि सहाला खायला कुणी येत नाही.

टिकलं ते आपल्यासाठी बदललेलं चायनीज. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं, असं सांगितलं जातं. सांगली-मिरजेत संध्याकाळी लागणाऱ्या लाल पाट्यांच्या गाड्या त्याच मंचुरियनच्या नातवंडं-पतवंडं. त्यांना 'नकली' म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. शत्रू ठरवल्या गेलेल्या लोकांनी गिऱ्हाइकाच्या जिभेवर जागा मिळवून जगण्याची ती तडजोड होती, आणि ट्रिपल शेजवान राइस आता आपलाच पदार्थ आहे. मात्र या तडजोडीत डुक्कर बाहेर राहिलं. चिकन, पनीर, मश्रूम सगळं आत आलं. कुलाब्यात रीगल सिनेमामागच्या लिंग्ज पॅव्हेलियनसारखी चिनी कुटुंबाची मोजकी हॉटेलं सोडली, तर डुक्कर ठेवणं म्हणजे अर्धं गिऱ्हाईक घालवणं होतं.

आणि आता तेच डुक्कर पुढच्या दारानं परत आलंय, नाव बदलून. मेनूवर ते 'पोर्क बेली' असतं. मराठीत 'डुकराचं मटण' म्हणून बघा, टेबलावरचा आवाज लगेच खाली येतो. धर्माचा प्रश्न आहेच, तो ज्याचा त्यानं पाळावा. पण आपल्याकडे त्याच्या जोडीला जात आहे. डुकरं पाळणारे, ते मांस खाणारे लोक कोणत्या वस्तीत राहायचे हे मिरजेत किंवा कुठल्याही गावात कुणाला सांगावं लागत नाही. त्यांच्या ताटाकडे बघून नाक दाबणारी माणसं मुंबईत बाओ खाताना फोटो टाकतात. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या स्वयंपाकाची त्यात नोंद आहे. त्याचं नावच आपल्या ताटावरच्या श्लोकाला अडवून विचारतं, की या ब्रह्मात कुणाचं अन्न धरलं आणि कुणाचं वगळलं? बाओच्या यादीलाही हाच प्रश्न विचारायला हवा. इंग्रजी शब्द लागला की विटाळ जातो, तर मग अडचण मांसाची कधी नव्हतीच.

मिरज जंक्शन आहे, म्हणून इथल्या वाचकाला एक सोय आहे. एक गाडी मुंबईला जाते, दुसरी, गोवा एक्सप्रेस, लोंढ्यावरून गोव्यात उतरते. तिथे चोरिस पाव मिळतो: लाल मिरची आणि व्हिनेगरमध्ये मुरलेलं डुकराचं सॉसेज, पावात भरलेलं, कुठल्याही विशेषणाशिवाय. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन लोकांकडे, म्हणजे मराठीच बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत, लग्नाकार्याला सोरपोतेलबरोबर आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे असतात. आंबवलेलं पीठ आणि डुक्कर ही जोडी आपल्या भाषेत आधीपासून आहे. ती कुणी 'दहा बेस्ट'मध्ये घातली नाही, एवढंच.

तेव्हा मुंबईत बाओ शोधायला जाल तर जरूर जा. पत्त्याआधी चार गोष्टी विचारा: बंद बाओ आहे की दुमडलेला, वाफ आत्ताची आहे की फ्रीजमधून काढून दिलेली, आत चरबी आहे का, आणि शेजारच्या टेबलावर हा पदार्थ लहानपणापासून खाणारं कुणी बसलंय का. चौथ्याचं उत्तर बहुधा 'नाही' येईल, आणि ते का, हे आता तुम्हाला ठाऊक आहे. मग परत आल्यावर घरी कुणी विचारलं काय खाल्लंस, तर मराठीत सांगा.