‘लावूं नये’ आणि ‘करूं देऊं नये’

कायद्याचें पुस्तक वाङ्मयांत मोडत नाहीं, असें आपण सारे धरून चालतों. कवितेंतील एखाद्या विशेषणावरून आपल्याकडे दोन दोन महिने वाद रंगतात. परंतु ज्या वाक्यावर हजारों घरांची चूल अवलंबून असते त्या वाक्यांतील क्रियापद कोणतें, हें पाहण्याची तसदी वकिलांखेरीज कोणी घेत नाहीं. वास्तविक कायद्याइतकें शब्द तोलून लिहिलेलें गद्य क्वचितच आढळेल. शिवाय कवीचा शब्द चुकला तर फार तर कवीचें हसें होतें. कायदेकाराचा शब्द चुकला म्हणजे त्याचें प्रायश्चित्त, ज्यांनीं तें पुस्तक कधीं उघडलेंही नाहीं, अशा माणसांना घ्यावें लागतें. तेव्हां टीकाकारानें एकदां या ग्रंथाकडेही वळावें, एवढ्याच हेतूनें हा प्रपंच.

मी निवडलेलें वाक्य १९४८ सालच्या कारखान्यांच्या कायद्यांतील, कलम ६६ मधील आहे. त्याचा आशय असा कीं, सकाळीं सहाच्या आधीं आणि संध्याकाळीं सातच्या नंतर कोणत्याही स्त्रीला कारखान्यांत कामास लावूं नये, किंवा काम करूं देऊं नये. राज्य सरकारला ही मर्यादा थोडी पुढेंमागें सारण्याची मुभा होती. मात्र रात्रीं दहा ते पहांटे पांच या वेळेला हात लावण्याची मुभा त्यालाही नव्हती.

वाक्य साधें दिसतें. परंतु त्यांत एकाच दावणीला दोन क्रियापदें बांधलेलीं आहेत, आणि त्या दोहोंचीं तोंडें दोन दिशांना आहेत. ‘कामास लावूं नये’ हें मालकाला उद्देशून आहे. तिच्या इच्छेविरुद्ध तिला रात्रपाळीस जुंपण्याचा त्याचा अधिकार त्यानें काढून घेतला. ‘करूं देऊं नये’ हेंही वरकरणीं मालकालाच सांगितलेलें आहे, पण त्यानें हात बांधले जातात ते स्त्रीचे. घरीं आजारी नवरा आहे, दिवसा मुलें सांभाळावयाचीं आहेत, रात्रपाळीच तिला सोयीची आहे, असें ती आपल्या तोंडानें सांगूं लागली तरी कायदा तिचें ऐकणार नाहीं. पहिल्या क्रियापदाला संरक्षण म्हणतां येईल. दुसऱ्याला मनाईच म्हटलें पाहिजे. मनाई संरक्षणाच्या आडून आली, म्हणून कोणाला ती फारशी बोंचली नाहीं.

याच ग्रंथांतील आणखी एक लकब लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांत स्त्री एकटी क्वचितच येते; तिच्या सोबतीला बहुधा मूल असतें. कापूस पिंजून मोकळा करणारें यंत्र जेथें चालतें त्या भागांत गासड्या दाबण्याच्या कामावर स्त्रिया व मुलें ठेवूं नयेत. चालू यंत्राला तेल घालण्याचें काम त्यांना करूं देऊं नये. हा द्वंद्वसमास फार जुना आहे. १८८१ च्या पहिल्या कायद्यांत मुख्यतः मुलांचाच विचार होता. १८९१ मध्यें स्त्री त्यांच्या शेजारीं येऊन बसली. तिचे तास दिवसाला अकरा ठरले आणि रात्रीच्या कामावर बंधन आलें. मुलाला आपलें हित कळत नाहीं, म्हणून त्याच्या वतीनें दुसऱ्यानें ठरवावें, हें योग्यच आहे. परंतु गांवाहून मुंबईस येऊन, चाळींतील खोलीचें भाडें भरून, महिनाअखेर गांवीं मनिऑर्डर करणारी बाई त्याच रांगेंत कां, याचें उत्तर ग्रंथकारानें दिलेलें नाहीं. त्याला तो प्रश्नच पडला नसावा.

त्या काळीं या कायद्यांवरून आपल्याकडे मोठें वादळ झालें होतें. मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या गिरण्या डोळ्यांत सलतात, म्हणून मजुरांचा हा कळवळा, असें ‘केसरी’कारांचें म्हणणें होतें, आणि तें अगदींच खोटें नव्हतें. उलट नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ साली गिरणी कामगारांची सभा भरवून रविवारची सुटी, दुपारची विश्रांति, वेळेवर पगार या मागण्या मांडल्या. १० जून १८९० रोजीं रविवारची सुटी मिळाली. लँकेशायरवाल्यांचा हेतु काय होता, यावरून लोखंड्यांची मागणी चूक ठरत नाहीं, हें आपल्या राष्ट्रीय पत्रांना त्या वेळीं दिसावयास हवें होतें. येथें मला दाखवावयाचें आहे तें निराळें. रविवार मिळाला तो सर्वांना, पुरुषाला तसाच बाईला. त्यामुळें रविवारची सुटी द्यावी लागते म्हणून बाईला कामावर घेऊं नये, असा विचार कोणाही मालकाच्या मनांत येण्याचें कारण उरलें नाहीं. जें संरक्षण सर्वांना सारखें मिळतें त्यानें कोणाचें दार बंद होत नाहीं. एकीलाच वेगळें काढून दिलेलें संरक्षण मात्र तिच्या कपाळावरील शिक्का होऊन बसतें.

आणि ही रात्र तरी खरोखर सर्वत्र तितकीच भयंकर होती काय? १९११ च्या कायद्यानें स्त्रियांच्या रात्रीच्या कामाला बंदी कायम ठेवली, परंतु सरकी काढण्याच्या जिनांना आणि रुईच्या प्रेसांना तींतून वगळलें. खानदेश-वऱ्हाडांत हंगाम आला कीं स्वस्त हात हवेत, आणि ते हात बायकांचे. तेव्हां तेथली रात्र निरुपद्रवी ठरली! हिंदुस्थान सरकारनें १९२१ मध्यें स्त्रियांच्या रात्रकामाविषयींचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, त्याचा मोठा गौरव झाला. पण इस्पितळांतील परिचारिका त्याआधीं रात्रभर जागत होती आणि त्यानंतरही जागत राहिली. ससून डॉकवर उजाडण्यापूर्वीं मासळीचा लिलाव गांठणाऱ्या कोळिणीला कोणत्या कायद्यानें घरीं परत पाठविलें? जेथें तिच्यावांचून समाजाचें अडत होतें तेथें तिची रात्र कायद्याच्या नजरेस पडली नाहीं. यंत्रावर, पगारी, पुरुषाच्या बरोबरीनें ती उभी राहिली, तेव्हांच अंधार पडला.

या वाक्याचा परिणाम मुंबईच्या गिरण्यांत कसा झाला, हें पाहण्यासारखें आहे. १९२० नंतरच्या दशकांत तेथील कामगारांत स्त्रियांचा भाग साधारण पांचवा होता. वाइंडिंग आणि रिळिंग हीं खातीं त्यांचींच. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणीही बायकाच. पुढें गिरण्या दोन-तीन पाळ्यांनीं चालूं लागल्या. पाळी आळीपाळीनें बदलावयाची, आणि हा एक वर्ग मात्र दिवसाच येऊं शकणार! पटावरचीं नांवें फिरवितांना अशी बाई मालकाला अडचण वाटूं लागली. सारा दोष कायद्याच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. नवीं यंत्रें आलीं, एकाच कामगाराकडे अधिक काम देण्याची पद्धत आली, आणि ज्या खात्यांतील काम कमी झालें तीं नेमकीं बायकांचीं होतीं. कामगार संघांचे पुढारीही पुरुषाची नोकरी आधीं वांचवावी अशाच मताचे होते. तरी रात्रपाळीचें दार बंद नसतें, तर निदान दुसऱ्या खात्यांत शिरण्याची वाट त्यांना उरली असती. १९८२ च्या संपाच्या वेळीं गिरण्यांत स्त्रिया अगदीं थोड्या उरल्या होत्या. त्या संपावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलें गेलें. परंतु त्यापूर्वींच, भोंग्याचा आवाज चालू असतांनाच, ज्या गिरणीबाहेर पडल्या त्यांचा संप झाला नाहीं, आणि त्यांची बातमीही झाली नाहीं.

या हकीकतीला दुसरें एक अंग आहे, आणि तें क्रियापदापेक्षां हिशेबाच्या वहीशीं अधिक संबद्ध आहे. मुंबई इलाख्यानें १९२९ साली प्रसूतिभत्त्याचा कायदा केला. हिंदुस्थानांत अशा तऱ्हेचा तो पहिलाच. आदल्या वर्षीं कौन्सिलांत डॉ. आंबेडकरांनीं या विधेयकाचा पुरस्कार केला, तेव्हां त्यांनीं एक मार्मिक मुद्दा मांडला होता: मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून त्याचा भार बव्हंशीं सरकारनें उचलावा. कायदा झाला तो मात्र भार मालकावर टाकून. येथें ग्रंथकाराचा हेतु उदात्त होता, यांत शंका नाहीं. परंतु तरुण बाईला कामावर घेणें म्हणजे एक खर्च आपल्या वहींत ओढवून घेणें, असा अर्थ त्यांतून निघाला, आणि मालकांना तो वाचतां आला. १९६१ चा देशव्यापी कायदा याच वाटेनें गेला. २०१७ मध्यें बारा आठवड्यांची पगारी रजा सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या संस्थेस पाळणाघर सक्तीचें झालें. आपण सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. प्रस्तुत लेखकानेंही वाजविल्या. पण पैसे कोणी द्यावयाचे, हें कलम तसेंच राहिलें.

याच्या शेजारीं १९४८ चा कामगार विमा कायदा ठेवून पाहावा. त्या योजनेंत मालक आणि कामगार वेतनाचा ठराविक हिस्सा एका सामाईक निधींत भरतात. कामगार पुरुष असो कीं स्त्री, हिस्सा तोच. प्रसूतीच्या काळांतील वेतन त्या निधींतून मिळतें. बाईला नाकारून मालकाचा एक पैसाही वांचत नाहीं. एकाच वर्षीं, एकाच राज्यकर्त्यांनीं केलेले हे दोन कायदे. एकांत स्त्रीला बाजूला काढलें, दुसऱ्यांत तिला सर्वांत मिसळलें. मला विचाराल तर दुसरा ग्रंथ सरस आहे, जरी त्याच्या दवाखान्यांतील रांगांविषयीं कोणी कौतुकानें बोललेलें माझ्या ऐकिवांत नाहीं. मात्र त्याला वेतनाची मर्यादा आहे. २०१७ साली ती महिना २१,००० रुपये झाली. म्हणजे त्याहून अधिक पगार मिळविणारी, आपल्या घरांतली शिकलेली मुलगी, हिचाच खर्च सरळ मालकाच्या माथीं बसतो. मुलाखतींत तिला ‘लग्न कधीं करणार?’ असें विचारतात तेव्हां आपण विचारणाऱ्याच्या असभ्यपणावर चिडतों. तो असभ्य असेलही. पण त्याच्या मनांत चाललेली बेरीज कायद्यानेंच मांडून दिलेली आहे.

कोळशाच्या खाणींची गोष्ट याहून कडवट आहे. तेथें नवरा कोळसा फोडी आणि बायको टोपलींतून वाहून नेई. जोडप्याची मजुरी एकच. १९२९ पासून स्त्रियांना भूगर्भांतून हळूहळू बाहेर काढण्याचे नियम झाले आणि १९३७ मध्यें बंदी पूर्ण झाली. हेतु चांगला होता. पण त्या जोडप्याच्या हातीं अर्धी मजुरी आली, आणि उरलेल्या अर्ध्याविषयीं नियम मुके होते. १९४३ मध्यें महायुद्धामुळें कोळशाची टंचाई पडली. लगेच बंदी उठली! तीच खाण, तोच अंधार, त्याच बायका. अखिल भारतीय महिला परिषदेनें याचा निषेध केला. मजूरमंत्री या नात्यानें डॉ. आंबेडकरांना या निर्णयाचें समर्थन करावें लागलें, आणि तें करतांना स्त्रियांना पुरुषांइतकेंच वेतन मिळेल यावर त्यांनीं भर दिला. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. १९४६ मध्यें बंदी पुन्हां आली. यानंतर २०१९ च्या अधिसूचनेनें स्त्रियांना भूगर्भांत जाण्याची परवानगी मिळाली ती तांत्रिक, देखरेखीच्या व व्यवस्थापनाच्या कामांपुरती, आणि दिवसा. पदवी घेतलेली मुलगी खाली उतरूं लागली. जिच्या आजीनें टोपल्या वाहिल्या तिला ती वाट त्या अधिसूचनेनें दिली नाहीं, आणि याबद्दल सुशिक्षितांपैकीं कोणी हळहळल्याचें माझ्या पाहण्यांत आलें नाहीं.

महाराष्ट्रांतील २००५ चा नृत्यबंदीचा कायदा याच मासल्याचा. मद्यगृहांत स्त्रियांनीं नाचूं नये, मात्र तीन किंवा अधिक ताऱ्यांच्या हॉटेलांत नाचण्यास हरकत नाहीं! जिनांना सूट देणाऱ्या १९११ च्या ग्रंथकाराचा हा वंशज शोभतो. मुंबई उच्च न्यायालयानें २००६ मध्यें हा भेद अमान्य केला आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्यें तोच निर्णय कायम ठेवला. कलम ६६ मधील आपलें वाक्य तर त्याआधींच, २००० साली, मद्रास उच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविलें होतें.

आतां नवी आवृत्ति आली आहे. व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य यांविषयींची संहिता २०२० मध्यें संमत झाली व २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. सर्व आस्थापनांत, सर्व प्रकारच्या कामांवर नेमणूक होण्याचा स्त्रियांना हक्क आहे, असें तींत म्हटलें आहे. धोक्याच्या कामांविषयींचें कलम तर मुद्दाम वाचावें. जुन्या कायद्यांत अशा कामावर स्त्रियांना मनाई करण्याचा अधिकार सरकारकडे होता. नव्या कलमांत सरकारनें मालकाला, स्त्रियांना नेमण्यापूर्वीं पुरेशी सुरक्षा पुरवावयास सांगावें, असें आहे. वाक्याचा कर्म बदलला. बंधन स्त्रीवरून उठून मालकावर गेलें, आणि ‘करूं देऊं नये’ हें क्रियापद गळून पडलें. सव्वाशें वर्षांत या ग्रंथांत झालेली ही सर्वांत मोठी शुद्धलेखनाची दुरुस्ति होय, असें मी म्हणेन.

परंतु नव्या आवृत्तींतही एक शब्द खटकतो. रात्रीं काम करावयाचें तर स्त्रीची ‘संमति’ हवी. जिला नोकरीची गरज आहे तिची संमति मिळविणें मालकाला किती अवघड? नेमणुकीच्या पत्रासोबत आणखी एक छापील कागद पुढें येईल, आणि ती दोहोंवर सही करील. ‘करूं देऊं नये’ काढतांना ‘लावूं नये’ हेंही हातचें निसटलें, अशी भीति वाटते. तें टिकवावयाचें तर रात्रपाळी नाकारल्याबद्दल तिची नोकरी जाणार नाहीं, असें स्वच्छ वाक्य हवें, आणि तें पुरुषालाही लागू हवें. रात्रभर जागून त्याचीही प्रकृति सुधारते असें नाहीं. दुसरा शब्द अधिक गमतीचा आहे. जुन्या कायद्यांत कारखान्यांचा निरीक्षक असे. नव्या संहितेनें त्याला निरीक्षक आणि सुविधाकार असें जोडनांव दिलें आहे. सुरक्षितता राखावी, अशी अट रात्रकामाला घातलेली आहे. पण रात्रीं दोन वाजतां पाळी सुटल्यावर दारांत दिवा जळतो कीं नाहीं आणि घरीं पोंचविणारी गाडी उभी आहे कीं नाहीं, हें या जोडनांवांतील कोणत्या अर्ध्यानें जाऊन पाहावयाचें, तें मला अद्याप उमगलेलें नाहीं.