ॲब्स्ट्रॅक्टमधला एक मीटर कुठून आला?

'पेपर क्रिटिकली वाचा' असं आपल्याला सगळेच सांगतात. पण म्हणजे नेमकं काय करायचं? बहुतेक जण पेपरच्या शेवटी लेखकांनीच लिहिलेल्या मर्यादा वाचतात, त्याच आपल्या शब्दांत उतरवतात आणि त्याला समीक्षा म्हणतात. मीही बरेच दिवस हेच करत होते. म्हणून आज एक गाजलेला पेपर घेऊन खरी समीक्षा कशी करायची ते बघू.

पेपर आहे रॉबर्ट डीकॉन्टो आणि डेव्हिड पोलार्ड यांचा, 2016 साली 'नेचर'मध्ये आलेला. त्यांचं म्हणणं असं, की कार्बन उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर एकट्या अंटार्क्टिकामुळे समुद्राची पातळी 2100 पर्यंत एक मीटरहून जास्त आणि 2500 पर्यंत 15 मीटरहून जास्त वाढू शकते. 'वाढू शकते' हे शब्द लक्षात ठेवा. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये ते आहेत, बातम्यांत बहुधा गळून पडतात.

आधी यामागची कल्पना समजून घेऊ. अंटार्क्टिकाच्या हिमनद्या समुद्रापर्यंत येतात आणि त्यांचं पुढचं टोक पाण्यावर तरंगत राहतं. या तरंगत्या, शेकडो मीटर जाड थराला आईस शेल्फ म्हणतात. तो मागच्या बर्फाला थोपवून धरतो. 2002 मध्ये लार्सन बी नावाच्या शेल्फचा सुमारे 3,250 चौरस किलोमीटरचा भाग काही आठवड्यांत फुटला, आणि त्यानंतर मागच्या हिमनद्यांचा वेग वाढला. इथपर्यंत सगळं डोळ्यांनी, म्हणजे उपग्रहांनी, पाहिलेलं आहे.

डीकॉन्टो आणि पोलार्ड एक पाऊल पुढे गेले. शेल्फ गेलं की मागे बर्फाचा उघडा कडा उरतो. तो पाण्यावर साधारण 100 मीटरपेक्षा उंच असेल तर स्वतःच्याच वजनाने कोसळेल, मागे आणखी उंच कडा उघडा पडेल, तोही कोसळेल. एकदा सुरू झालं की थांबायचं नाव नाही. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने कल्पना पटण्यासारखी आहे. प्रश्न एवढाच, की अशी साखळी अंटार्क्टिकात सुरू झालेली कोणी पाहिलेली नाही. मग कडा कोसळण्याचा वेग मॉडेलमध्ये किती धरायचा?

त्यांनी भूतकाळाचा आधार घेतला. सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी, प्लायोसीन काळात, समुद्र आजच्यापेक्षा बराच वर होता. सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या उष्ण काळातही तो 6 ते 9 मीटर वर होता. जुन्या मॉडेलमध्ये इतका बर्फ वितळतच नव्हता. म्हणून पॅरामीटर बदलत मॉडेलच्या 64 आवृत्त्या चालवल्या आणि ज्यांचं उत्तर या दोन्ही काळांशी जुळलं त्याच ठेवल्या.

इथे थांबा. समीक्षा इथून सुरू होते.

प्लायोसीनमध्ये अंटार्क्टिकाचा वाटा किती, हे कोणालाच नेमकं सांगता येत नाही. म्हणून लेखकांनी दोन चाळण्या वापरल्या. 10 ते 20 मीटरची चाळणी लावली की 2100 साठी सरासरी येते साधारण 105 सेंटीमीटर. 5 ते 15 मीटरची लावली की तीच येते साधारण 64 सेंटीमीटर, आणि अनिश्चितता जवळपास 50 सेंटीमीटर. मॉडेल तेच, भौतिकशास्त्र तेच, फक्त 30 लाख वर्षांपूर्वीचा एक अंदाज बदलला. लेखकांनी लपवलं काहीच नाही, दोन्ही आकडे पेपरात आहेत. पण ॲब्स्ट्रॅक्टमध्ये पोचला तो एक मीटर.

दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. मॉडेल भूतकाळाशी जुळलं म्हणून त्यातली यंत्रणा खरी ठरते का? टॅमसिन एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये याच मॉडेलचे निकाल संख्याशास्त्राने पुन्हा तपासले. प्लायोसीन, सव्वा लाख वर्षांपूर्वीचा काळ आणि 1992 ते 2017 ही निरीक्षणं, तिन्हींशी जुळायला कडे कोसळण्याची गरजच नाही असं निघालं. ती यंत्रणा काढून टाकली तर 2100 चा 95 टक्क्यांचा टप्पाही 43 सेंटीमीटरच्या खाली राहतो. म्हणजे ज्या पुराव्यावर दावा उभा होता, तो पुरावा दोन्ही बाजूंना सारखाच लागू पडत होता. तुमच्या वहीत हा प्रश्न लिहून ठेवा: ही यंत्रणा खोटी असती, तर हा पुरावा वेगळा दिसला असता का?

मग हा पेपर वाईट म्हणायचा का? माझ्या मते नाही. त्याने एक धूसर भीती तपासता येईल अशा रूपात मांडली. डीकॉन्टो आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये स्वतःच मॉडेल सुधारलं, आणि जास्त उत्सर्जनासाठी 2100 चा मध्यम अंदाज सुमारे 34 सेंटीमीटरवर आला. 2024 मध्ये मॅथ्यू मॉर्लिगेम आणि सहकाऱ्यांनी थ्वेट्स हिमनदीचं शेल्फ तीन मॉडेलमध्ये एकदम काढून पाहिलं. या शतकात तरी कड्यांची साखळी सुरू झाली नाही.

हे वाचून 'चला, सुटलो' असं म्हणू नका. जी शंका 2016 च्या पेपरवर घेतली, तीच 2024 च्या पेपरवरही घ्या. तो एका हिमनदीबद्दल आणि एका शतकाबद्दल आहे, आणि कडा किती वेगाने तुटतो याचा त्यातला नियमही मॉडेलमधूनच आलेला आहे. आयपीसीसीने 2021 च्या अहवालात हे प्रामाणिकपणे हाताळलं आहे: जास्त उत्सर्जनात 2100 पर्यंत समुद्र एकूण 0.63 ते 1.01 मीटर वाढण्याची शक्यता, पण हिमचादरींबद्दलच्या अनिश्चिततेमुळे 2 मीटरही नाकारता येत नाहीत. किनाऱ्यावर बंधारा किती उंच बांधायचा हे ठरवणाऱ्या माणसाला ही दोन्ही वाक्यं लागतात. नुसतं पहिलं दिलं तर तो गाफील राहील, नुसतं दुसरं दिलं तर घाबरून चुकीच्या ठिकाणी पैसा ओतेल.

तेव्हा पुढचा पेपर उघडाल तेव्हा ॲब्स्ट्रॅक्टमधला सगळ्यात मोठा आकडा पेन्सिलीने गोल करा. मग तो कुठल्या टेबलातून, कुठल्या गृहीतकातून आला ते मागे मागे शोधत जा. कधी अर्धा तास लागेल, कधी आठवडा. इंटरव्ह्यूमध्ये 'या पेपरबद्दल तुमचं मत काय' असं विचारलं, तर तुमच्याकडे सांगण्यासारखं उत्तर तिथेच सापडेल.