'राऊ' पुन्हा वाचताना

दिवाळीच्या सुटीत एखादी जुनी कादंबरी कपाटातून काढायची, असा माझा परिपाठ आहे. मुलांच्या वह्या तपासून झालेल्या असतात, घरात चकलीचा घाणा चाललेला असतो, आणि ओट्यावर कोवळे ऊन उतरलेले असते. यंदा ना. सं. इनामदारांची 'राऊ' काढली. १९७२ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी विशीत होतो, आणि शेवटच्या पानांवर रडलो होतो. यंदा रडू आले नाही. लाज मात्र वाटली. ती का, हे सांगण्यासाठी हा प्रपंच.

आमच्या चांदवडात होळकरांचा रंगमहाल आहे. मुलांना तिथे नेऊन मी लाकडी खांबांवरचे कोरीवकाम आणि भिंतींवरची चित्रे दाखवतो. मल्हाररावांना पुढे आणणारा तो थोरला बाजीराव, हेही सांगतो. गोष्ट मस्तानीवर आली की वर्गात खसखस पिकते. ती दाबून मी पुढच्या लढाईकडे वळतो. वर्षानुवर्षे मी हेच करत आलो.

हकीकत वाचकांना ठाऊकच आहे. १७२९ साली बाजीरावाने बुंदेलखंडच्या छत्रसालाला बंगशाच्या कचाट्यातून सोडवले. मस्तानी ही त्या छत्रसालाची मुसलमान स्त्रीपासून झालेली मुलगी, असे परंपरा सांगते. ती पुण्याला आली आणि शनिवारवाड्यात कलह शिरला. १७४० च्या आरंभी घरात मुंज निघाली, तेव्हा बाजीराव हजर असेल तर आम्ही येणार नाही, अशी भाषा ब्रह्मवृंदात सुरू झाली. बाजीराव नासिरजंगावरच्या मोहिमेत गुंतलेला असताना इकडे घरच्यांनीच मस्तानीला कैदेत टाकले. त्यांत थोरला मुलगा नानासाहेब होता. २८ एप्रिल रोजी नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव वारला, आणि पाठोपाठ मस्तानीही गेली. तिने विष घेतले म्हणतात, सती गेली म्हणतात. पुरावा कशालाच नाही. पाबळला तिचे थडगे आहे. कोणी त्याला कबर म्हणतो, कोणी समाधी.

इनामदारांची ताकद अशी की त्यांनी ह्या घरातल्या कोणालाच खलपुरुष केले नाही. आईला अब्रूची काळजी आहे, भावाला राज्याची, बायकोला संसाराची. मस्तानीला कोंडणारी माणसे राऊवर जीव टाकणारीच आहेत. दुसऱ्या एखाद्या लेखकाने येथे दुष्टांची एक टोळी उभी केली असती आणि वाचकाची सोय केली असती. इनामदारांनी ते टाळले, हा त्यांचा मोठेपणा. द. ग. गोडसे यांनी पुढे 'मस्तानी' हे पुस्तक लिहून तिच्याभोवतीची दंतकथांची धूळ झटकली. पण तिला आमच्या घराघरांत माणूस म्हणून आणून बसवले ते 'राऊ'ने.

मात्र ह्याच गुणाच्या पोटी एक धोका आहे. सगळेच दुःखी, सगळेच आपापल्या जागी बरोबर, असे झाले की दोष दैवाच्या खाती जमा होतो. दार कोणी लावले, हा प्रश्न हुंदक्यात बुडून जातो. शिवाय कादंबरीचे नाव 'राऊ' आहे. आपण राऊच्या खांद्यावरून सगळे पाहतो. कोठडीतल्या बाईच्या डोळ्यांनी क्वचितच पाहतो, आणि दाराला कुलूप घालणाऱ्याच्या डोळ्यांनी तर पाहतच नाही. वाचक मनसोक्त रडतो, मोकळा होतो, आणि आपल्या मुलीला विचारतो, "आज इतका उशीर का गं?"

ह्याच कादंबरीवर आधारलेला संजय लीला भन्साळी यांचा 'बाजीराव मस्तानी' हा चित्रपट २०१५ साली आला. तिथे तर मस्तानीच्या साखळ्याही दागिन्यांसारख्या शोभून दिसतात. जुलूम इतका देखणा झाला की त्याची चीड यायची कशी? पुढच्याच वर्षी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. त्यातला प्रश्न जातीचा आहे, धर्माचा नाही. परंतु रीत एकच. शेवटी भाऊ आणि नातेवाईक बहिणीच्या घरी येतात ते आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन. ती हरखते, त्यांना चहा करून देते. भाऊबीजेला ज्याची वाट पाहायची, तोच हा पाहुणा. पुढचे सांगायला नको. तिथे मंजुळे यांनी संगीत थांबवले, आणि प्रेक्षकाला रडण्याचीसुद्धा सवलत ठेवली नाही. अशी माया आणि असा घात एकाच हाताने होऊ शकतो, हे 'राऊ'लाही ठाऊक आहे. पण 'राऊ' ते हळुवारपणे सांगते, आणि म्हणून आपण ते विसरू शकतो.

कोणी म्हणेल, हा घराघरातला मामला आहे. तसे म्हणणाऱ्याने मुंजीचा प्रसंग पुन्हा वाचावा. घराने दार लावले खरे, पण बहिष्काराची भीती बाहेरून आली होती. २०२१ च्या जुलैत आमच्या नाशकात काय झाले? मुलगी हिंदू, मुलगा मुसलमान. दोन्ही घरांची संमती, नोंदणी झालेली. लग्नाची पत्रिका व्हॉट्सअॅपवर फिरली, गहजब झाला, आणि ठरलेला समारंभ मुलीच्या घरच्यांना रद्द करावा लागला. आईबाप राजी होते. गाव राजी नव्हते. सज्ञान स्त्रीपुरुषांच्या विवाहाला घराण्याची वा जातपंचायतीची परवानगी लागत नाही, त्यांना संरक्षण द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ सालीच बजावले होते. तरी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची जाहीर नोटीस आहेच; ज्याला अडवायचे त्याला पत्ता आयता मिळतो. २०२२ च्या डिसेंबरात राज्य सरकारने अशा जोडप्यांची माहिती घेणारी एक समितीही नेमली. प्रथम तिच्या कक्षेत आंतरजातीय विवाहही होते. टीका झाली तेव्हा ते वगळले. आंतरधर्मीय तेवढे राहिले.

आता माझ्या लाजेची गोष्ट. माझी एक विद्यार्थिनी होती, वाचनाची फार आवड असलेली. 'राऊ'ची प्रत मीच तिला दिली होती. पुढे ती मोठी झाली, नोकरीला लागली, आणि दुसऱ्या धर्माच्या मुलाशी लग्न करायचे म्हणाली. कोण कोणत्या धर्माचे ते सांगत नाही. उलटे असते तरी हेच घडले असते. तिचे वडील माझ्याकडे आले. "सर, ती तुमचं ऐकते. तुम्ही समजावा." मी गेलो. आईच्या तब्येतीचे बोललो, धाकट्या बहिणीच्या लग्नाचे बोललो, कोठेही आवाज चढवला नाही. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "सर, 'राऊ' तुम्हीच दिली होती ना वाचायला?"

मी काही बोललो नाही. चहा घेऊन घरी आलो. आठवड्याभरात तिला मामाच्या गावी पोहोचवले, फोन काढून घेतला. त्या मुलाला रस्त्यात गाठून बेदम मारले, हे मला पुष्कळ उशिरा कळले. हात माझा नव्हता. पण "सरांनीसुद्धा हेच सांगितलं," हा आधार त्या हातांना मी पुरवला होता.

विशीत मी राऊच्या जागी उभा राहून ही कादंबरी वाचली होती. ह्या दिवाळीत मला माझी खरी जागा सापडली: मुंजीला न येण्याची भाषा करणाऱ्या सभ्य, सुशिक्षित मंडळींत. 'राऊ' ही चांगली कादंबरी आहे. इतक्या वर्षांनी ती वाचकाला त्याची जागा दाखवू शकते, ह्याहून मोठी पावती मी काय देणार? फक्त ती रडत वाचू नये.

सुटी संपून वर्ग भरला की मुलांना पुन्हा रंगमहालात नेणार आहे. मस्तानीचे नाव निघून खसखस पिकली तरी पुढच्या लढाईकडे वळणार नाही. फळ्याशिवायच एक प्रश्न घालीन: मस्तानीच्या दाराला कुलूप कोणी लावले? एका वाक्यात उत्तर चालणार नाही, हेही सांगेन.