नोंदवहीतले उपकार, नोंदवहीतले ऋण : बार्शीच्या कर्करोग संस्थेचा इतिहास वाचताना

पावसाळ्यात नृसिंहवाडीत सकाळी एकच चौकशी असते : पाणी किती? कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असते. दक्षिणद्वार सोहळ्याचा अंदाजही पाण्याच्या अशाच आकड्यांवरून बांधला जातो. याच शिरोळ तालुक्यात कर्करोगाविषयी वर्षानुवर्षे बोलले जाते. कोणी उसावरच्या फवारणीला दोष देतो, कोणी नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्याला. पण कोणत्या गावात, कोणत्या वयाचे, किती, असे विचारले की बोलणे थांबते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अहवालात लोकसंख्येवर आधारित २८ कर्करोग नोंदण्या आहेत. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नागपूर, वर्धा, औरंगाबाद, उस्मानाबाद-बीड आणि बार्शी ग्रामीण. कोल्हापूर त्यांत नाही.

या यादीत तालुक्याच्या गावाचे नाव एकच, बार्शी. मिरजेहून पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे लातूरकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेमुळे आपल्याकडच्या जुन्या माणसांना ते ओळखीचे आहे. तेथे ‘अश्विनी रूरल कॅन्सर रिसर्च अँड रिलीफ सोसायटी’ ही धर्मादाय संस्था डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिच्या रुग्णालयाला मे १९८१ मध्ये कर्करोगाने निधन पावलेल्या नर्गिस दत्त यांचे नाव आहे.

अशा संस्थांचा इतिहास आपण बहुधा स्मरणिकेच्या वळणाने लिहितो. कोनशिला, देणगीदार, यंत्राचे उद्घाटन, पाहुण्यांचे अभिप्राय. हा तपशील खोटा नसतो. मात्र त्यातून संस्थेची इमारत कळते, काम कळत नाही. बार्शीचे काम कळायचे असेल तर तिथली नोंदवही वाचावी लागते.

भारतातली पहिली कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केली. शहरात रुग्ण इस्पितळात येतो, त्याची तपासणी होते, मृत्यूचा दाखला निघतो. नोंदणी करणाऱ्याने हे कागद गोळा करायचे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील ३४६ गावांसाठी देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली, तेव्हा ही रीत निरुपयोगी ठरली. बाई इस्पितळात गेलीच नाही, तर कागद कुठून येणार? म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. लोकांना लक्षणे समजावून सांगितली, संशयित रुग्ण शोधले, त्यांना तपासणीसाठी रुग्णालयात आणले. मोजण्यासाठी बोलावे लागले आणि बोलण्याचा परिणाम आजारावर झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्याचे डॉ. कस्तुरी जयंत आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात नोंदीच्या आधारे दाखवले. महागडे यंत्र नसताना निव्वळ माहितीने हा फरक पडला, हे माझ्या मते या संस्थेचे सर्वांत अस्सल संशोधन आहे.

संस्थेला जगभर नाव मिळाले ते मात्र पुढच्या कामामुळे. १९९९ मध्ये मुंबईचे टाटा मेमोरियल आणि ल्योनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू झाली. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यांत होत्या. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या भागात तपासणी नाही. तिथल्या स्त्रियांना ती कुठे करून घेता येईल एवढे सांगितले गेले. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष आले. आठ वर्षांत एचपीव्ही गटात या रोगाने ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. दोन्ही गट साधारण तेवढेच मोठे. आयुष्यात एकदा केलेली एक तपासणी मृत्यू निम्म्यावर आणते, हे सिद्ध झाले. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच तपासणीला पहिली पसंती दिली.

या यशापाशी स्मरणिका संपते. चिकित्सा इथून सुरू व्हायला हवी. ते ६४ मृत्यू कोणाचे? २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये एरिक सुबा आणि सहकाऱ्यांनी मुंबई, उस्मानाबाद आणि तामिळनाडूतील अशा तीन चाचण्यांवर टीका केली. पेशी-तपासणी उपयोगी आहे हे आधीच ठाऊक असताना एका गटाला तपासणीविना ठेवणे समर्थनीय नव्हते, आणि अशा गटांत मिळून २५४ स्त्रिया या रोगाने गेल्या, असा त्यांचा मुद्दा. संशोधकांचे उत्तर असे की, देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता. चौथ्या गटाला मिळाले ते इतर कोट्यवधी स्त्रियांना मिळत होते तेच.

हे उत्तर वस्तुस्थिती म्हणून खरे आहे. नैतिक उत्तर म्हणून ते मला अपुरे वाटते. शेजारच्या जिल्ह्यातली स्त्री तपासणीविना राहिली, तेव्हा तिला कोणी पाहत नव्हते. चौथ्या गटातल्या स्त्रीचे नाव वहीत होते. तिच्या मृत्यूची नोंद होईल याची तजवीज आधीच झालेली होती. ज्याने नाव लिहून घेतले, त्याच्यावर त्या नावाची जबाबदारी येते. गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी हीच जबाबदारी घेतली होती, म्हणून त्यांच्या मोजण्यातून लोक वाचले. एकाच संस्थेच्या इतिहासात मोजण्याच्या या दोन्ही तऱ्हा आहेत. पहिलीमुळे दुसरी झाकू नये, आणि दुसरीमुळे पहिली पुसूही नये.

शिरोळ तालुक्यात उद्या कर्करोगासाठी निधी गोळा झाला, तर इमारतीचा आराखडा सर्वांत आधी पुढे येईल. बार्शीचा इतिहास वेगळा क्रम सुचवतो. आधी वही आणि ती घेऊन दारोदार जाणारी माणसे. वहीच्या पहिल्या पानावर, जिचे नाव लिहू तिला आपण काय देणार, हे लेखी असावे. पुराचे पाणी आपण मोजतो, कारण पातळी वाढली की माणसे हलवायची असतात. रोग मोजतानाही हेतू तोच असायला हवा.