श्री ३१८ (४)

'श्री ४२०' आजवर मी किती वेळा पाहिला याचा हिशेब लागत नाही, आणि हिशेब न लागणे ही आमच्या बँकेच्या धंद्यात काही चांगली गोष्ट नव्हे. परवा पुन्हा पाहिला. निमित्त झाले एका आकड्याचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचे ४२० कलम त्यात ३१८ (४) झाले. म्हणजे १९५५ सालचा राज कपूरचा हा चित्रपट आज काढायचा, तर नाव ठेवावे लागेल 'श्री तीनशे अठरा, कंसात चार'! अशा चित्रपटाचे तिकीट ब्लॅकने कोण घेणार?

आकडा बदलला, फसवणूक मात्र जुनीच निघाली.

अलाहाबादेहून बी. ए.ची पदवी आणि प्रामाणिकपणाचे पदक घेऊन राज मुंबईत येतो. पदवीला गिऱ्हाईक नसते, पदकाला असते. तो ते गहाण टाकतो. इथे माझ्यातला कारकून सावरून बसला. ख्वाजा अहमद अब्बास आणि आपले व्ही. पी. साठे यांनी ही पटकथा लिहिली. तारणाचा व्यवहार या दोघांना नेमका कळला होता, असे माझे मत आहे. प्रामाणिकपणा कोणी एकदम विकत नाही. 'पगार झाला की सोडवू' म्हणून तो गहाण टाकतात. मग व्याज चढत जाते.

चौपाटीवरचा प्रसंग तर मी उभा राहून पाहावा अशा लायकीचा आहे. एकीकडे शेठ सोनाचंद धर्मानंद देशहितावर भाषण ठोकतोय, दुसरीकडे राज दंतमंजन विकतोय. गर्दी मंजनाकडे वळते. दोघांच्या मालात फरक फारसा नाही. मंजनवाला निदान पुडी तरी हातात देतो! शेठच्या लक्षात पुढे तेच येते, की या पोराची जीभ आपल्या कामाची आहे. भ्रष्टाचाराला चोर लागत नाहीत, बोलके बी. ए. लागतात.

आता तक्रार. नायिकेचे नाव विद्या आणि मोहिनी घालणारीचे माया, म्हणजे लेखकांनी प्रेक्षकाला फारच सोपा पेपर काढला. नर्गिस शाळेत शिकवते आणि नादिरा लांबलचक नळीतून सिगारेट ओढते. मोह इतक्या लांबून ओळखू आला असता, तर माणसे रस्ता ओलांडून पलीकडून नसती का गेली?

माझ्याकडे मोह आला तो काजूकतलीच्या पेटीतून. दिवाळीचे दिवस. एका गिऱ्हाइकाची कर्जाची फाइल माझ्या टेबलावर होती. "साहेब, काम सावकाश होऊ द्या. ही आपली पोरांसाठी," एवढेच तो म्हणाला. सावकाश! त्या एका शब्दाने मी गार झालो. घरी पेटी उघडली, तर कतलीच्या थराखाली पाकीट.

"अहो, हे काय?" बायकोने विचारले.

"काजूकतली," मी म्हणालो. उत्तर खरे होते, अपुरे होते.

दुसऱ्या दिवशी पेटी पाकिटासकट परत केली. ही हकीकत मी चारचौघांत छाती काढून सांगतो. फक्त, त्या रात्री झोप येईना म्हणून मी उठलो होतो आणि पेटी परत गेली तेव्हा तिच्यात दोन वड्या कमी होत्या, हे सांगत नाही. मायाही राजला चोरी कर म्हणत नाही. ती पत्त्यांचा एक डाव खेळायला नेते, इतकेच.

शेठची शेवटची योजना म्हणजे शंभर रुपयांत घर. फुटपाथवरची माणसे पोटाला चिमटा काढून पैसे भरतात. राजच्या जागी एखादा बी. कॉम. असता, तर त्याने आधी सिमेंटचा भाव विचारला असता, असे मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "आणि भाव कळल्यावर?" मी गप्प बसलो. कारण राजलाही ते कळत असते. कळण्याचा आणि थांबण्याचा संबंध तेवढाच, जेवढा पासबुकाचा आणि शिलकेचा.

शेवटी गोळी सुटते, मेलेला राज उठून बसतो, शेठ पकडला जातो. गर्दीला राज सांगतो, की एकट्याच्या शंभर रुपयांत घर होत नसले तरी सगळ्यांचे एकत्र केले तर होईल. लगेच सगळ्यांना पटते! ज्याने कधी सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या वर्गणीचा ठराव मांडला आहे, त्याचा या प्रसंगावर विश्वास बसणे कठीण.

तरीही मी चित्रपट पुन्हा पाहणार. राजचे पदक गहाण पडते तेव्हा दरवेळी मला त्या दोन वड्या आठवतात. त्या अजून माझ्या खात्यावर नावे आहेत.